मागचा स्क्रू

टोलेडो, ओहायो
१४ मार्च १९९८

प्रिय आंदोर,

आईच्या स्वयंपाकघरात आपण नुसत्या पायमोज्यांनी चालायचो, ते तुला आठवतं का? शनिवारी दुपारी अपा बैठक ओतायचे आणि रविवारी चर्चहून परत येईपर्यंत घरात कोणी पाय आपटायचा नाही, असा कायदा होता. टेबलावर रायफलीचा अक्रोडाचा दस्ता, त्यात ओलं इपॉक्सी, त्यावर रिसीव्हर. आई पातेल्याचं झाकण दोन्ही हातांनी उचलायची, बाळाची दुपटी उचलावी तसं. एकदा तू पॅप्रिका नाकात गेल्यामुळे टेबलाजवळच शिंकलास. अपा आधी दस्त्याकडे आणि मग तुझ्याकडे बघत म्हणाले, "प्रोफेसर, नाक बाहेर ठेवून या." आई हसली, मी हसले, आणि हसण्याने टेबल हलेल म्हणून आपण तिघं तोंडावर हात ठेवून बाहेरच्या पायरीवर जाऊन हसलो.

तुझं कार्ड मंगळवारी आलं. एकतीस वर्षांनी पाच ओळी. मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही, तू चिडवशील. "एती, नातीसाठी रायफल करायची आहे. लाकडी दस्ता, लांब पल्ला. एकदा बैठक बसवली की पंधरा वर्षं कोणी हात लावायला लागू नये. रिसीव्हर कसा निवडू?" आणि खाली गोल अक्षरात, "आजोबांना बारीक दिसत नाही, मी वाचून दाखवते. डार्सी, वय १६."

तर डार्सीला कळावं म्हणून सविस्तर लिहिते.

रिसीव्हर म्हणजे रायफलीच्या मधलं पोलादी घर. पुढे त्यात नळी आटे पाडून बसते, मागून बोल्ट सरकतो. हे घर लाकडात जिथे टेकतं ती जागा हुबेहूब त्याच्या आकाराची असावी म्हणून तिथे इपॉक्सी ओततात. डार्सी, त्या जागेला तुझे पणजोबा बैठक म्हणायचे. गोळी सुटताना नळीतल्या पिळामुळे उजवीकडे गिरकी घेत जाते आणि बंदूक डावीकडे वळायला बघते. दर वेळी, केसभर. हजार वेळा झालं की केसभराचे दोन केस होतात.

म्हणून पहिली गोष्ट, रिसीव्हरचं बूड सपाट हवं. रुंद आणि सपाट, बाजूही उभ्या. सपाट बूड वळायला गेलं की त्याची कड बैठकीवर अडते. गोल बुडाला अडायला काही नसतं. दुसरी, रिसीव्हर लांब हवा, म्हणजे जड नळीचं ओझं जास्त जागेवर वाटलं जातं. तिसरी, गोळी सुटतानाचा धक्का अडवणारा खालचा खुंट मोठा हवा आणि रिसीव्हरच्याच अंगाचा हवा, नळी आणि रिसीव्हरच्या मध्ये चकतीसारखा दाबून धरलेला नको.

अपांचं काम मी चालवते हे तू कुठून ऐकलंस? बाईमाणूस बैठक बसवतं म्हणून पहिली दोन वर्षं एकही माणूस आला नाही. मग आले. आता बोटं आखडली आहेत, दुकान उन्हाळ्यानंतर बंद करीन.

तू पंधरा वर्षांची खात्री मागितलीस. दर दोन वर्षांनी बैठक नव्याने बसवणं तुला डोळे मिटून जमलं असतं. ती खात्री का मागतोस, हे मी विचारत नाही.

त्या ऑगस्टबद्दलही लिहीत नाही.

तुझी,
एती

टोलेडो
२८ मार्च १९९८

प्रिय आंदोर,

कार्ड मिळालं. "सपाट. ठीक. फार वेळ नाही, म्हणून सरळ विचारतो. सदुसष्टला दोष कशाचा होता, गोल बुडाचा की अपांच्या बैठकीचा? तू दिवसभर त्या रायफलीजवळ होतीस."

तुला गोल बुडाचं किती वेड होतं! जेवताना तुमचं दोघांचं सुरू व्हायचं. तू म्हणायचास, "अपा, गोल लेथवर एका दमात होतं, सरळही जास्त येतं. तुम्ही घोडागाडीच्या काळात अडकलात." अपा पाण्याची बाटली आडवी करून टेबलावर सोडायचे. ती गडगडत तुझ्या ताटाला लागायची. "पकड, प्रोफेसर. तुझा रिसीव्हर पळाला." आई म्हणायची, "दोघंही कोंबडी खा, ती सपाटही नाही आणि गोलही नाही."

आणि तरी त्यांनी तुझ्या गोल रिसीव्हरची बैठक बसवली. तीन आठवडे लावले. माझ्या शाळेतल्या सिस्टर कॉलेटने दिलेलं चॅपेलच्या फरशीचं मेण त्यांनी पोलादाला स्वतः चोळलं, म्हणजे इपॉक्सी त्याला चिकटणार नाही. (दर ईस्टरला मी मेणाचा एक डबा मागून आणायची. सिस्टरला वाटायचं आपलं घर भलतंच चकाचक असणार.) तीनदा ओतलं, तीनदा खरवडलं. तेव्हा आई जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी ते पायमोज्यांनीच चालले. वसंतात तू त्या रायफलीने हजार यार्डांवर जे मारलंस ते अजून इथले म्हातारे सांगतात.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, मला वाटतं, दोन्हीचं थोडं थोडं असेल. पाऊस होता. लाकूड फुगलं असेल. गोल बूड सरकलं असेल.

डार्सी, खुंटाबद्दल लिहायचं राहिलं. बैठक ओतताना खुंटाच्या पुढे, खाली आणि दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावायची, म्हणजे नंतर तिथे फट राहते. खुंटाने फक्त मागच्या भिंतीला टेकायचं. तिथे मात्र कागदसुद्धा जाता कामा नये. आणि गोळ्यांच्या पेटीसाठी खाली मोठं भोक असलेला रिसीव्हर घेऊ नकोस. एकेक गोळी हाताने भरायची असेल तर बंद बुडाचा घे, तो वाकत नाही.

तुमच्याकडे अजून बर्फ आहे का?

एती

टोलेडो
१० एप्रिल १९९८, गुड फ्रायडे

प्रिय आंदोर,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

डार्सी, बाळ, हे तुला मोठ्याने वाचावं लागणार आहे. मला माफ कर. काहीही गाळू नकोस.

त्या ऑगस्टच्या स्पर्धेत सलग दोन दिवस पाऊस होता. तुला खोकला झाला होता, ओल्या गवतावर पालथा पडून पडून तुझं अंग तापलं होतं. दुपारच्या सुटीत तू जेवायला गेलास, अपा दुर्बीण पुसायला छपराखाली गेले आणि रायफल माझ्याकडे दिली. मी अपांच्या गाडीच्या मागच्या फळीवर बसले होते, रायफल मांडीवर, नळी खाली रेनकोटावर टेकवलेली. दस्त्याच्या खालून पाण्याचा थेंब पडला. मग आणखी एक. मला वाटलं आत पाणी साचलंय. अपा लष्करातल्या जुन्या बंदुका पावसानंतर लाकडातून काढून पुसायचे, ते डोक्यात आलं. तू भिजलेला, तुझे कपडे भिजलेले, निदान ही एक गोष्ट तरी तुला कोरडी मिळावी असं वाटलं.

नियम मला माहीत होता. स्पर्धेच्या आठवड्यात स्क्रूला हात लावायचा नाही. बसलेली रायफल लाकडातून उचलली की तिला पुन्हा बसायला वेळ लागतो, आणि गोल बुडाची तर पुन्हा त्याच जागी बसेलच असं नाही. अपांनी हे मला शंभरदा सांगितलं होतं. तरी मी स्क्रू सोडले, रिसीव्हर बाहेर काढला, माझ्या रुमालाने बैठक पुसली आणि परत ठेवला. तेवढ्यात भोंग्यावरून तुझ्या तुकडीला हाक आली. तू चिखलातून येताना दिसलास, हातात पाव, तोंडात पाव. मी घाईने स्क्रू आवळले.

तू रायफलीकडे बघत म्हणालास, "काय सिस्टर एतेल्का, माझी पोरगी खूश आहे ना?"

मी म्हणाले, "कोरडी ठणठणीत."

तू माझ्या डोक्यावर ओठ टेकलेस. पावाचे कण माझ्या केसांत राहिले.

पहिल्या दोन गोळ्या मधोमध. तिसरी डावीकडे, चार गुणांच्या वर्तुळात. पाचवी तीनच्या. तू वाऱ्याला दोष देऊन नेमाची चाकं फिरवलीस, मग गोळी उजवीकडे गेली. वीस गोळ्या मी तुझ्या मागे उभी राहून मोजल्या. देशाच्या संघातली जागा तुझी दोन गुणांनी गेली.

पुढचं तुला माहीत आहे. छपराखाली सगळ्यांसमोर तू अपांना म्हणालास, "मुद्दाम सैल बसवलीत. गोल जिंकलेला तुम्हाला बघवला नसता." तुला जे माहीत नाही ते हे आहे. अपांनी रायफल उलटी केली. ते नेहमी स्क्रूच्या खाचा नळीच्या रेषेत आणून थांबायचे, एका नजरेत कळावं म्हणून. मागच्या स्क्रूची खाच आडवी होती. त्यांनी ती पाहिली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात तो ओला रुमाल होता.

मी तो खिशात घातला.

ते तुला म्हणाले, "बैठक माझी आहे. चूक माझी."

"मग बसा तुमच्या बैठकीवर," तू म्हणालास, आणि रायफल बाकावर टाकून गेलास.

मी फादरांना पापनिवेदनात सांगितलं. त्यांनी प्रार्थना सांगितल्या, मी त्या गुडघ्यांवर बसून म्हटल्या आणि मला वाटलं झालं. सिस्टर कॉलेटने शिकवलं होतं की ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडेही जावं लागतं. तो धडा मला पाठ होता. वर्गात मला त्यासाठी बक्षीस म्हणून संताचं चित्र मिळालं होतं.

तुझा पत्ता पहिली नऊ वर्षं माझ्याकडे नव्हता. पुढची बावीस होता.

अपा त्यानंतर चौदा वर्षं जगले. मला एकदाही विचारलं नाही. फक्त शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, मी चमच्याने सूप देत होते तेव्हा म्हणाले, "एती, काही सांगायचं राहिलंय का तुझं?"

मी म्हणाले, "सूप गार होतंय, अपा."

मी तार केली तेव्हा तू अंत्यविधीला आला नाहीस. सगळे तुला बोलले. मी तिथे पहिल्या बाकावर डोक्यावर काळी जाळी घेऊन बसले होते आणि लोक माझा हात धरून म्हणत होते, तू होतीस म्हणून त्यांचं झालं.

दोष गोल बुडाचा नव्हता. बैठकीचा तर नव्हताच.

एती

टोलेडो
५ मे १९९८

प्रिय आंदोर,

कार्ड नाही. येणार नाही असं धरून चालले आहे.

तरी पार्सल पाठवते. अपांनी स्वतःसाठी एक रिसीव्हर जपून ठेवला होता, सपाट बुडाचा, बंद तळाचा, खुंट त्याच्याच अंगाचा. तो वापरायचं त्यांना कधी झालं नाही. त्यात मी नळी बसवली आहे आणि नव्या अक्रोडात बैठक ओतली आहे. डार्सीच्या हाताची लांबी मला माहीत नव्हती, म्हणून दस्त्याचं मागचं टोक लांब ठेवलं आहे, तिकडे कापून घ्या. माझी बोटं आखडतात म्हणून तीन दिवस लागले. घरात मी एकटीच आहे, तरी पायमोज्यांनी चालले. दाराची घंटा काढून ठेवली. शेजारीण खिडकीतून ओरडली, "एतेल्का, मेलीस की काय?" मी आतून हाताने गप्प केलं तिला.

चोवीस तासांनी रिसीव्हर उचलला. खळकन सुटला. मेण अजून चॅपेलचंच आहे, शेवटचा डबा. बैठक काचेसारखी आली. तू इथे असतास तर नखाने ओरखडून बघितली असतीस आणि काहीतरी खोड काढली असतीस.

राग असला तरी ही रायफल परत पाठवू नकोस. ती डार्सीची आहे.

एती

टोलेडो
२२ मे १९९८

प्रिय आंदोर,

काल सकाळी डार्सीचा फोन आला. तुझं काय झालं ते तिने सांगितलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि तिला म्हटलं, बाळ, सावकाश सांग, मला घाई नाही.

ती म्हणाली की माझं एप्रिलचं पत्र तिने तुला ओसरीवर वाचून दाखवलं. वाचताना ती रडायला लागली तेव्हा तू म्हणालास, "रडून अक्षर पुसू नकोस. परत वाच." तिने परत वाचलं. त्यानंतर तीन आठवडे तू माझं नाव काढलं नाहीस. पार्सल आलं तेव्हा तू रिसीव्हरच्या बुडावरून बोटं फिरवलीस, चारही कडांवरून, मग बैठकीवरून, आणि तिला म्हणालास, "ही अपांच्या हातची आहे." ती म्हणाली, "नाही आजोबा, मिस एतेल्कांच्या." तू म्हणालास, "तेच ते."

मग सोमवारी जेवताना तू अचानक म्हणालास, "तिला विचार, आधी कोणता स्क्रू आवळला."

डार्सी म्हणाली, "एवढंच? आजोबा, त्यांनी सात पानं लिहिलीत."

"एवढंच. बाकी मला कळलं. पुढचा म्हणाली तर खोटं बोलतेय."

तिने मंगळवारी फोन करायचा ठरवलं, पण शाळेची परीक्षा होती. बुधवारी तुला दवाखान्यात नेलं. गुरुवारी ती तुझं सांगायला फोन करत होती, आणि हा प्रश्न तिने सगळ्यात शेवटी, जरा लाजत विचारला. मी तिला उत्तर दिलं नाही. म्हटलं, लिहून पाठवते, त्यांना वाचून दाखव.  ती म्हणाली, "हो, दाखवीन. सोमवारी, अंत्यविधीला. सगळ्यांच्या आधी जाईन."

मागचा.

सात पानांत मी ते लिहिलं नाही आणि तू नेमकं तेच शोधलंस. रायफल दस्त्याच्या मागच्या टोकावर उभी करून, रिसीव्हर मागे दाबून, पुढचा स्क्रू आधी आवळायचा, हे मी दहा वर्षांची असल्यापासून जाणत होते. त्या दिवशी नळी खाली होती. मागचा स्क्रू हाताशी होता. तू येत होतास. मागचा आधी आवळला तेव्हा रिसीव्हर खाली, पुढे घसरलेला होता. खुंट आपल्या भिंतीपासून सुटलेला होता. मग प्रत्येक गोळीने तो थोडा मागे ढकलला आणि थोडा वळवला. मला हे त्याच दिवशी, तिसऱ्या गोळीला कळलं होतं. भोंग्याजवळ जाऊन हात वर केला असता तर गोळीबार थांबला असता. तू बोल्ट मागे ओढलास आणि मी उभी राहिले.

आणखी एक विचारलं डार्सीला. शेवटी तू काही म्हणालास का? ती म्हणाली, बुधवारी तू अपांना हाक मारल्यासारखं केलंस आणि हंगेरियनमध्ये दोन शब्द बोललास. मी म्हटलं, कसे होते, आठवून बघ, नुसता आवाज सांग. तिने खूप प्रयत्न केला. एकदा काहीतरी म्हणून दाखवलं, मग म्हणाली, "नाही, तसं नव्हतं. सॉरी, मिस." मी तिला म्हटलं की काही हरकत नाही. रात्रभर मी आपल्या भाषेतले दोन-दोन शब्द म्हणून बघतेय. फार शब्द आहेत, आंदोर.

आज सकाळी मी तुझी रायफल खोलली. एकतीस वर्षं ती अपांच्या कपाटात होती, खाचा तशाच, मागची आडवी. बैठक बघितली. एकही भेग नाही. खुंटाची भिंत आरशासारखी. फक्त डाव्या अंगाला नखाएवढी चंद्रकोर घासलेली, तिथून बूड वळलं. बाकी सगळं अपांनी ठेवलं होतं तसं. त्याचा फोटो काढून घेतला आहे, तो डार्सीला पाठवते. इथल्या क्लबातही एक लावणार आहे आणि खाली काय झालं ते माझ्या नावानिशी लिहिणार आहे. तिथले म्हातारे अपांबद्दल अजून म्हणतात, लायोश चांगला होता, पण पोराची बैठक त्याने बिघडवली.

आता कोणाला काय द्यायचं ते लिहिते. डार्सी, ही यादी तुझ्याकडे ठेव.

सपाट बुडाची रायफल तुझी. तिला खोलू नकोस. कधी खोलावीच लागली तर दस्त्याच्या मागच्या टोकावर उभी कर, मागे दाब, पुढचा आधी, मग मागचा, आणि खाचा नळीच्या रेषेत आण. कोणी लगबग करत असेल तर त्याला थांबव.

अपांची दुर्बीणही तुझी. तिची डावी बाजू जरा घट्ट फिरते, तेल घालू नकोस.

तुझ्या आजोबांची गोल बुडाची रायफल क्लबाला, स्क्रूशिवाय. ती कोणी चालवायची नाही.

मेणाच्या डब्यात तळाशी थोडं मेण उरलं आहे. तो डबा मठाला परत जाईल. सिस्टर कॉलेट नाहीत, पण जी कोणी असेल तिला मी सांगेन की आपण त्याने फरशी पुसत नव्हतो.

दुकानातली बाकीची हत्यारं पोर्ट क्लिंटनच्या जेनी सॅबोला. ती तेवीस वर्षांची आहे, बैठका बसवते आणि तिच्याकडे अजून कोणी येत नाही.

या पाकिटात कागदात गुंडाळलेला एक स्क्रू आहे. तो पुढचा. सोमवारी आजोबांच्या कोटाच्या खिशात ठेव, उजव्या.

मागचा माझ्याकडे आहे. तो घेऊन मी रविवारी चर्चनंतर अपांच्या कबरीवर जाणार आहे. त्यांनी मला एक विचारलं होतं.

एती